फ्यूज खिशात

"सुयोग, उतर खाली! लाईट गेलीय म्हणून वायरीला हात घालतोस व्हय रं? आधी फ्यूज काढून खिशात घाल, मग चढ स्टुलावर. म्हणं, काय होतंय! ये, बस हितं. अंथुर्ण्याच्या कुंडलिकचं सांगतो. माझा साडू हाय, खोटं बोलायचा न्हाय.

गेल्या साली किंक्रांतीची रात. सकाळी त्याच्या प्राचीला बघायला पाव्हणं यायचं आन् टाकीत थेंब न्हाय. मोटरीची वायर उंदरानं कुरतडलेली. लाईट आठला गेलेली, धाला यायची, रोजचंच ते. कुंडलिक म्हणला, दोन मिनिटांचं काम, फ्यूज कशाला काढत बसू? मोबाईलची बॅटरी लावून गेला घरामागं.

एक गोष्ट त्यानं फकस्त मला सांगितलीय. तीन वर्सांमागं त्याचा थोरला भाऊ गेणबा हीच मोटर दुरुस्त करत हुता. फ्यूज काढून त्यानं मीटरवर ठिवलेला. कुंडलिकला टीव्हीवर मॅच बघायची हुती. त्यानं न इचारता फ्यूज बसवला... गेणबा जाग्यावर गेला.

तर हा वायर सोलत हुता, तवर मोबाईल बंद पडला. मिट्ट काळोख. त्यानं बायकोला हाक मारली, 'सारजे, बॅटरी आण गं.'

उजेड आला. पाठीमागनं, बरोबर हातावर.

'जरा वर धर.'

उजेड वर झाला.

हा तारा पिळाय लागला. दोन्ही हातांत उघड्या तारा. आन्... छातीवरनं काहीतरी फिरलं. गारगार. माणसाचा हात.

'सारजे?'

उजेड तसाच हातावर.

साडेनऊच वाजलेलं. गावात एकदम लाईट आली! शेजाऱ्याचा टीव्ही वरडाय लागला. कुंडलिकच्या हातात तारा तशाच. त्याला काय झालं न्हाय. त्याचं घर तेवढं अंधारात.

आतनं सारजा वरडली, 'अवो, आपलीच लाईट का न्हाय आली? मगाधरनं बॅटरी हुडकतीय, घावंना!'

मग मागं...

मागचा उजेड इझला.

त्यो पळाला, पार मीटरपतोर. फ्यूजची जागा रिकामी. मला म्हणला, 'तात्या, म्या फ्यूजला हात लावला न्हवता हो. मला वाटलं, दादा मला न्यायलाच आला.'

मग त्याला खिसा जड लागला. सदऱ्याच्या खिशाचं बटन त्यो जल्मात लावत न्हाय. लावलेलं हुतं.

उघडलं...

आत फ्यूज."