मेली भिंत

"मेला!" लांब्या ओरडला.

चेंडू खरंच मेला होता. चुळबुळने तळहाताने सणसणीत हाणलेला तो रबरी चेंडू टणकन उडून यायला हवा होता, पण 'भद्द' करून भिंतीच्या पायाशीच पडला. भिंतीवरून येताना खडूची रेघ ओलांडली नाही तर चेंडू मेला आणि गुण समोरच्याला, असा या तिघांचा नियम. सकाळपासून चेंडू चारदा मेला, आणि चारही वेळा त्याच जागी!

चुळबुळचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. एका जागी स्वस्थ बसेल तर ती कसली! सुट्टी लागल्यापासून ती, लांब्या आणि चष्मिस लाँड्रीच्या मागच्या या भिंतीवर हाताने चेंडू मारायचा खेळ खेळत होते. भिंतीच्या पलीकडे चुळबुळची आई दिवसभर चादरींना इस्त्री करायची. तिचं टेबल भिंतीला अगदी चिकटून होतं.

चुळबुळने भिंतीवर टकटक केलं. इतर ठिकाणी आवाज भरीव येत होता, चेंडू मरायचा तिथे मात्र पोकळ. चष्मिसने ती सगळी जागा खडूने आखली आणि वितीने मोजली. सोमवारी चार विती भरली, बुधवारी सात.

"भिंतीला भूक लागलीय वाटतं," लांब्या म्हणाला. कुणी हसलं नाही.

पलीकडे तर आईचं टेबल! चुळबुळ तडक आत धावली आणि आईला म्हणाली, "आई, भिंत मेलीय! तू इथे उभी राहू नकोस."

आई वाफेत घामाघूम झाली होती. "मेली तर मेली! त्या मेल्या भिंतीवाचून काय अडलंय? दुसरी शोधा," असं म्हणून तिने पुढची चादर ओढली. शेजारच्या बाया खुदकन हसल्या. चुळबुळने पोकळ आवाजाचं सांगायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण यंत्रांच्या घरघरीत तिचं ऐकतंय कोण! मालकीणबाईंनी तर, भिंत महिन्यापूर्वीच ठेकेदारांनी नीट केलीय, उगाच चेंडू आपटून ती खराब करू नका, म्हणून वर दटावलंसुद्धा.

ठेकेदार म्हणजे पोटावर शर्टाची बटणं ताणलेला एक गृहस्थ. सध्या तो लाँड्रीचं छप्पर दुरुस्त करत होता, म्हणजे माणसांकडून करून घेत होता. मुलांनी त्याला गाठून विचारलं, तर त्याने पोकळ जागेवर नुसती नजर टाकली आणि भिंत पहाडासारखी आहे म्हणाला. म्हणताना तो चार पावलं मागे सरकला. ते चुळबुळने पाहिलं.

रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. सकाळी आईला घरीच थांब म्हणून पाहिलं, तर आईने उलट डबा तिच्याच हातात दिला आणि चल म्हणाली.

दुपारी मागच्या अंगणात भिंतीची छान सावली पडली. साबणवाल्याची सायकल सावलीत, मालकीणबाईंची गाडी सावलीत. ठेकेदाराची कोरी करकरीत लाल स्कूटर मात्र पार दुसऱ्या टोकाला, रणरणत्या उन्हात!

"रोज तिथेच लावतो," चष्मिस पुटपुटला. "सीट तापते म्हणून त्यावर ओलं फडकंही टाकतो."

चुळबुळ ताडकन उठली. सावली सोडून माणूस उन्हात का जाईल? त्याला माहीत आहे! भिंत मेलीय हे त्याला आपल्याआधीपासून माहीत आहे!

बेत ठरायला दोन मिनिटंही लागली नाहीत. किल्ली नेहमीसारखी स्कूटरलाच लटकत होती. चष्मिसने मालकीणबाईंना, भिंतीला पडलेले डाग दाखवतो, असं सांगून अंगणात आणलं. मग लांब्या आणि चुळबुळने स्कूटर ढकलत नेली आणि खडूच्या आखणीपुढे उभी करून धूम ठोकली. लांब पळाल्यावर चुळबुळने घसा ताणून सांगितलं, "काका, तुमची स्कूटर सावलीत लावलीय हो!"

छपरावरून ठेकेदाराने खाली पाहिलं मात्र, शिडीच्या तीन पायऱ्या एकदम गाळत तो उतरला. "काढा तिथून! भिंत कधीही कोसळेल!"

ठेकेदाराने जीभ चावली, पण शब्द निघून गेला होता.

मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "स्कूटरला जपलंत. आत माझ्या सहा बाया उभ्या आहेत, त्यांना कोण सांगणार होतं?"

मग त्याच्या तोंडून सगळं बाहेर आलं. आतल्या फुटक्या नळाने विटा भिजून सुट्या झाल्या होत्या. त्या काढून पुन्हा रचायच्या सोडून त्याने वरून गिलावा थापला आणि रंग फासला. पण मालकीणबाई ऐकायला थांबल्याच नव्हत्या. त्यांनी यंत्रं बंद करून बायांना बाहेर काढलं. चुळबुळची आई हातातली चादर घेऊनच आली.

तासाभराने भिंतीचा मधला भाग धाडकन आत कोसळला. धूळ बसल्यावर इस्त्रीचं टेबल दिसलं, त्याचे दोन पाय मोडले होते आणि वर विटांचा ढीग होता. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने चुळबुळला घट्ट धरलं. "तू सांगत होतीस, आणि मी हसण्यावारी नेलं," ती म्हणाली आणि रडली.

सुट्टी संपायच्या आत दुसऱ्या गवंड्यांनी नवी भिंत बांधली. ती वाळल्यावर मालकीणबाईंनी सगळ्यांसमोर तिघांची पाठ थोपटली आणि चेंडू चुळबुळच्या हातात दिला. हिचा तळहात पास म्हणेल, तेव्हाच आत पुन्हा टेबल लागेल, असं त्यांनी गवंड्यांना बजावलं.

चुळबुळने भिंतीची एकेक वीत तपासली. वर, खाली, कोपऱ्यात, मधोमध. टण! टण! टण! लांब्या कंटाळला, चष्मिसचे खडू संपले, तरी तिचं समाधान होईना. अर्ध्या तासाने एकदाची ती म्हणाली, "जिवंत आहे."

दुसऱ्या दिवशी टेबल लागलं. चुळबुळ हातात चेंडू घेऊन, भिंतीला कान लावून उभी राहिली. पलीकडून दोन टकटक आल्या, भरीव, आणि मग खिडकीतून आईचा आवाज:

"अगं मेले, ऐकत काय बसलीस? खेळ की आता!"