गोळ्यांचा डबा

गोकुळनं आईच्या, आशाबाईंच्या हातातला गोळ्यांचा डबा ओढून घेतला, तोही सुनेसमोर, श्रेयासमोर.

"आजपासून आप्पांच्या गोळ्या श्रेया देईल. काल दोनदा दिल्यास. परवा गॅस चालूच ठेवलास. उद्या डॉक्टरकडं आप्पांसंगं तुझंबी डोकं तपासून घेऊ."

आशाबाईंनी मान खाली घातली. दुसरी गोळी त्यांच्या नवऱ्यानं, आप्पासाहेबांनीच घेतली होती, आणि चहाचं आधण ठेवून विसरलेही तेच. कंपवातानं थरथरणारे हात जगाला दिसत होते. पण गंगापूरच्या भाऊबंदांचे तंटे ज्यांच्या एका शब्दावर मिटत, त्यांना कुणी भ्रमिष्ट म्हणू नये, म्हणून त्या माउलीनं त्यांची प्रत्येक चूक आपल्या पदरात घेतली होती... आणि पोटचा पोर तिलाच वेडी ठरवायला निघाला होता!

दुसऱ्या दिवशी चौघंही दवाखान्यात गेली. डॉक्टरबाईंनी आधी आशाबाईंना प्रश्न विचारले. सगळी उत्तरं अचूक आली.

"आजी ठणठणीत आहेत," बाई म्हणाल्या.

मग आप्पासाहेबांची पाळी. बाईंनी त्यांना लक्षात ठेवायला तीन शब्द सांगितले. "आजोबा, महिना कोणता चालू आहे?"

सवयीनं आशाबाईंचे ओठ हलले. बाईंनी हातानं थांबवलं.

"हिला विचारा," आप्पासाहेब हसून म्हणाले. "हिला समदं ठाऊक असतं."

"मघाशी तीन शब्द सांगितले होते. आठवतात?"

"कुलूप..." आणि त्यांनी आशाबाईंकडं पाहिलं.

गोकुळचा चेहरा उतरला. बाई हळूच म्हणाल्या, "कंपवातात काहींची स्मरणशक्तीही अडखळते. म्हणून तर वरचेवर तपासायचं. आधी कळलं असतं, तर आधीच सांभाळता आलं असतं. लपवायला नको होतं, आजी."

इतका वेळ कोंडलेला आशाबाईंचा संताप उसळला.

"लपवलं, व्हय. सांगितलं असतं, तर ह्यानं त्यांच्याबी हातातून डबा असाच ओढला असता. मला येडी म्हणाला, म्हणू दे... त्यांना म्हणाला असता, तर जित्तेपणीच मेले असते ते."

आप्पासाहेबांचा थरथरता हात आशाबाईंच्या मनगटावर आला.

"गॅस म्या ठेवला रे चालू," ते सावकाश म्हणाले. "बोलणी ही खाती... एवढं ध्यानात हाय माझ्या."

गोकुळ आईच्या पायाशीच बसला. डोळे पुसत त्यानं श्रेयाच्या पिशवीतला डबा काढून आईच्या मांडीवर ठेवला.

आशाबाईंनी तो क्षणभर छातीशी धरला... आणि त्याच्यापुढं केला.

"घे. मीबी थकलेय रे. पण पुन्यांदा मागून घे, ओढू नको."

गोकुळनं दोन्ही हात पसरले.

"दे, आई."