उसना ठेका

मिरजेच्या त्या इस्पितळात हृदयाला कलम बांधायला एक दुपार पुरे. अख्खं हृदय बदलायचे दिवस मागे पडले होते. हृदयाच्या वरच्या कोपऱ्यात, शेंगदाण्याएवढ्या जागेत, काही पेशी जन्मभर ठेका धरून बसलेल्या असतात. त्या थकल्या की सगळं हृदय अडखळतं. मग रक्ताच्या नात्यातल्या कुणाकडून अशा चिमूटभर पेशी घ्यायच्या, काचेच्या ताटलीत वाढवायच्या आणि आजारी हृदयात लावायच्या. याला ठेकाकलम म्हणत.

नऊ वर्षांच्या रेणूला तिच्या आईचा ठेका लावला होता. वडील ती रांगत असतानाच गेले. देणारी एकटी आईच. आई मालन तंबोऱ्याच्या कारखान्यात जवारी लावायची. तारा टेकतात त्या घोडीवर हलकी कानस फिरवायची, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा, आणि तार मधासारखी पाझरू लागली की हात थांबवायचा. अशा कानाची बाई. कलमानंतर महिन्याने तिनं लेकीच्या छातीला कान लावला आणि यंत्राच्या आधी ओळखलं.

"डॉक्टर, ठेका मागं पडतोय हिचा," ती म्हणाली. "मी कामावरनं आले की नीट लागतोय, गेले की पडतोय."

डॉक्टर ऐनापुरेबाईंनी महिन्याभराचे आलेख काढले. मालन म्हणत होती तसंच होतं. ती खाटेशी आली की रेषा उभारी धरायची, गेली की वाळत्या ओढ्यासारखी खाली बसायची. वॉर्डातल्या नर्सेस कौतुकानं हसल्या. आईचंच काळीज ते, आईला ओळखणारच. मालनही पदराआड हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी तिला खोलीत बसवून घेतलं आणि विचारलं, व्यसन काय?

कसलंच नाही, असं मालननं फॉर्मवरही लिहून दिलं होतं. रेणू पोटात होती तेव्हा देवीपुढं शब्द देऊन तंबाखूची मिस्री सोडली, ती आजवर बोटाला लावली नाही. दाढा फार शिवशिवल्या तेव्हा पेठेतल्या दुकानदारानं गुलकंदाच्या वासाची नळी दिली. यात तंबाखूचं पानसुद्धा नाही, नुसता धूर, असं तो म्हणाला होता. तेवढी ओढते. हात थरथरला तर जवारी बिघडते ना.

"रोज?"

"व्हय. फकस्त कलमाआधी नऊ दिवस न्हाई. उपास धरला हुता मी, लेकीसाठी. पाण्याशिवाय तोंडात काय घेतलं न्हाई, नळीबी न्हाई."

बाईंनी डोळे मिटले. रक्ताची तपासणी स्वच्छ आली होती ती यामुळे. निकोटीन रक्तातून चार दिवसांत धुऊन जातं.

मग त्यांनी सावकाश समजावलं. नळीत पान नसतं, पानातला अर्क असतो. तो प्रत्येक झुरक्यागणिक हृदयाला चाबूक मारतो, ठोके वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो. दहा वर्षं चाबूक खाल्लेल्या पेशी त्याच्याशिवाय पाऊल उचलत नाहीत. मालनच्या हृदयात अशा पुष्कळ पेशी, म्हणून उपासाचे नऊ दिवस निभावले; रेणूच्या छातीत त्यातल्या चिमूटभरच होत्या. आईच्या श्वासातून, लुगड्यातून येणारा अंशही त्यांना पुरत होता.

"मग काढा त्या, दुसऱ्या लावा."

दुसऱ्यांदा कलम शरीर धरत नाही, बाई म्हणाल्या. उपाय एकच. त्या अर्काचे थेंब मोजून रोज द्यायचे, जन्मभर. त्यानं ठेका राहील; पण वाहिन्या कडक होत जातील, आणि तिशीतच पोरीचं हृदय म्हातारीचं होईल. न दिले, तर कुठल्याही दिवशी ते थांबेल. सही आईची लागेल.

मालननं सहीचा कागद परत सरकवला. मग म्हणाली, "तुमचं यंत्र चुकत असंल. पोर मला ओळखती, नळीला न्हाई. परवा बघू."

दुसऱ्या दिवशी तिनं नळी चुलीत घातली. शिकेकाईनं केस धुतले, राखेनं हात घासले, कोऱ्या घडीचं लुगडं नेसली. तिसऱ्या दिवशी तसंच न्हाऊन, श्वासातला शेवटचा गुलकंद निघून गेल्यावर, ती वॉर्डात आली. दुपारचं ऊन खाटेवर पडलं होतं. रेणू डोळे मिटून पडली होती. मालननं तिचं डोकं मांडीवर घेतलं, कपाळावरून हात फिरवला, पाळण्यापासूनची ओवी हलक्यानं म्हटली,

*"माझ्या गं अंगणात, जाई चढली मांडवा,*
*लेकीच्या उशापाशी, माझा जीवच दिवा लावा."*

यंत्रावरचा आकडा उतरत होता. मालननं अजून खाली वाकून लेकीच्या गालाला गाल लावला. आकडा उतरतच राहिला. ऐनापुरेबाई दाराशी थेंबांची कुपी घेऊन उभ्या होत्या, मालनच्या मानेच्या इशाऱ्याची वाट बघत.

रेणूनं डोळे न उघडताच ओठ हलवले.

"नर्सताई," ती म्हणाली, "माझी आई कधी येणार?"