येताना नेतो

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाही तर सोडून द्या. मला कुणाला पटवायचं नाहीये. यातलं थोडं मी माझ्या कानांनी ऐकलंय आणि बाकीचं माझ्या सख्ख्या भावाने देवापुढे बसून सांगितलंय.

रात्रीची गोष्ट नाही ही. अमावस्या नाही, काही नाही. गेल्याच्या गेल्या वर्षीचा फेब्रुवारी, रविवार, सकाळचे साडेअकरा. डोक्यावर चांगलं ऊन.

जागा म्हणजे डोळखांबच्या पुढून मुरबाडकडे उतरणारा कच्चा रस्ता. पाड्याचं नाव सांगत नाही. तिथे माणसं राहतात अजून.

माझा भाऊ सुयोग. घर शहापुरात, नोकरी जवळच्याच एका कंपनीत. आणि सायकलचं वेड! साधी सायकल नाही हो. जाड टायरची, मेंढ्याच्या शिंगांसारखं हँडल वळलेली, खास कच्च्या रस्त्यासाठी बनवलेली. कॅरियर नाही, स्टँड नाही. आई म्हणायची, "भाजीची पिशवी अडकवायला पण जागा नाय, कसली रे ही सायकल?"

तो हसायचा. "आई, त्या रस्त्याला गाडी नाय, हॉर्न नाय. चाकाखाली नुसती खडी वाजते. डोकं शांत होतं."

त्या रविवारी मात्र त्याने जायला नको होतं. हर्षालीला, त्याच्या बायकोला, नववा लागला होता. पहिलं एक पोटातच गेलेलं. मीही मदतीला माहेरी आले होते, घरात सगळे जीव मुठीत धरून होतो. पण "जेवायला घरी येतो" म्हणाला आणि सुटला.

डोळखांब मागे पडलं. भाताची कापलेली शेतं, पळस फुललेला, चिटपाखरू नाही. खडी वाजत होती... कर्र, कर्र.

मोहाच्या झाडाखाली एक बाई बसली होती.

विटकं लुगडं, पदर पुढे ओढलेला. दोन्ही हात पोटावर.

"दादा, दवाखान्यापर्यंत नेशील का रे?"

सुयोग थांबलाच नाही. उतार लागला होता ना. हसतच ओरडला, "मावशी, कॅरियर नाय गो याला! येताना नेतो!"

आपण नाही का म्हणत? रस्त्यात कुणी हात केला की तोंडातून निघतंच. येताना बघू, येताना नेतो. कोण मनावर घेतं?

दहा-बारा पायडल मारले असतील. आणि त्याच्या लक्षात आलं...

खडी वाजत नव्हती.

चाक फिरत होतं, दगड टायरखालून उडत होते. आवाज मात्र नाही. वारा नाही, पाखरू नाही.

त्याने मागे बघितलं. मोहाखाली कुणीच नव्हतं. झाडाखाली सुकलेल्या पाचोळ्याचा थर होता. त्यावरून मांजर गेलं तरी वाजेल.

तेवढ्यात खडी पुन्हा वाजायला लागली. सुयोगने मनाशी म्हटलं, ऊन लागलं, दुसरं काय.

मुरबाडच्या बाजूला रेंज आली आणि हर्षालीचा फोन. कंबर फार दुखतेय, लवकर या. त्याने ओळखीच्या टेम्पोत सायकल टाकली आणि डांबरी रस्त्याने थेट घर गाठलं.

म्हणजे त्या मोहाकडून तो परत आलाच नाही.

सोमवारी सायकलचा मागचा टायर बसलेला. हवा भरली. मंगळवारी पुन्हा बसलेला. ट्यूब घमेल्यात बुडवून बघितली, एक बुडबुडा नाही. "कोणीतरी बसून बसून दाबल्यागत झालाय," आई म्हणाली. आम्ही हसलो.

बुधवारी हर्षाली मला म्हणाली, "ताई, रोज साडेअकराला बाहेर कोण येतं?"

"कोण येतं?"

"एक बाई विचारते, दादा आला का? पहिल्या दिवशी कुंपणाबाहेरून विचारलं. काल पडवीतून. आज दाराशीच होती... उठून बघते तर कोणी नाय."

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, त्याला सांग, येताना नेतो म्हणाला होतास."

सुयोग जेवत होता. घास तसाच हातात राहिला. त्याने ही गोष्ट तोवर घरात कुणालाच सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ठकी वालाच्या शेंगा घेऊन आली. भातलावणीला आमच्याकडे येणारी बाई, माहेर त्याच बाजूचं. सुयोगने तिला पडवीतच बसवून सगळं सांगितलं. तिने शेंगांची टोपली खाली ठेवली.

"आरे बाबा, तू 'येताना' म्हणालास?"

"हो."

"माझ्या आईच्या वेळची गोष्ट हाय. कळा लागलेली बाई झोळीतून दवाखान्यात नेत होते. मोहाखाली झोळी फाटली. नवरा माणसं आणायला पाड्यावर पळाला. रस्त्यानं जीप गेली, फटफटी गेली. सगळे म्हणले, येताना नेतो. कोण नाय आलं. दुपारी गेली ती, पोटातल्यासकट."

आतून हर्षाली कण्हली. ठकीने आवाज खाली घेतला.

"आमी त्या झाडाखाली 'येताना' म्हणत नाय. नाय तर नाय, सरळ सांगायचं. नाय म्हटलेलं तिला चालतं रे. वाट बघायला लावलेलं चालत नाय."

"मग आता?"

"आता काय! शब्द दिलास ना? पाळ."

सुयोग तडक कुंडलिककडे गेला. सायकलवाला कुंडलिक, जुना माणूस. "या सायकलला कॅरियर? घोड्याला नांगर जुंपतोस काय रे?" म्हणत खो खो हसला. पण लोखंडी पट्ट्या वाकवून, नटबोल्ट आवळून कॅरियर बसवून दिलं.

शुक्रवारी पहाटे हर्षालीच्या कळा सुरू झाल्या. शहापूरच्या दवाखान्यात नेलं. आठ वाजता डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, बाळाचे ठोके मंद लागतायत, दुपारपर्यंत वाट बघू.

आणि माझा भाऊ सायकल काढून निघाला!

"वेड लागलंय का तुला?" मी दवाखान्याच्या दारात ओरडले. "बायको आत मरतेय आणि तू..."

"ताई, म्हणूनच जातोय," तो म्हणाला. त्याचे डोळे बघून मी दारातून बाजूला झाले.

साडेअकराला तो मोहापाशी पोचला.

झाडाखाली कुणी नव्हतं. तो सायकल धरून उभा राहिला.

"मावशी, चुकलो. उशीर झाला. बसा."

काहीच नाही.

मग पाखरं गप्प झाली...

मागचा टायर खाली दबला. कॅरियर करकरलं. घामाने भिजलेला त्याचा शर्ट कुणीतरी मागून मुठीत धरला.

त्याने मागे बघितलं नाही. पायडल मारत राहिला. आयुष्यात एवढं जड कधी ओढलं नव्हतं, म्हणतो. चढाला मांड्या फुटायच्या बाकी होत्या. खडी जराही वाजत नव्हती. नुसता पाठीवर श्वास, धाप लागलेला. मधेच ती कण्हायची की हा म्हणायचा, "आलंच, मावशी, आलंच."

डोळखांबला सरकारी दवाखान्याच्या फाटकात तो थांबला. शर्टाची मूठ सुटली. टायर वर आला. सायकल एकदम हलकी झाली आणि तो तिथेच मातीत बसून लहान पोरासारखा रडला.

बारा चाळीस झाले होते. मला ती वेळ नक्की माहीत आहे. त्याच मिनिटाला आत आमची मुलगी रडली, आणि तिला माझ्या मांडीवर दिल्यावर मी सुयोगला फोन लावला.

"अरे मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत!"

तो रडत होता, हसत होता, ताई, ताई करत होता. पलीकडे कुठलंसं बाळ रडत होतं. मला वाटलं, आमचंच ऐकू येतंय...

पण आमची तर माझ्या मांडीवर गप्प झोपली होती.

मग फोनमध्ये, त्याच्या अगदी जवळून, एका बाईचा आवाज आला. दमलेला, पण खूश.

"दादा, आता आमाला दोघांना घरी नेशील ना रे?"

आणि माझा भाऊ त्या आनंदाच्या भरात म्हणाला, "हो हो, येताना नेतो!"

तो तसाच डांबरी रस्त्याने शहापूरला आला. पोरीला बघायची घाई होती, दुसरं काय सुचणार?

फोनवरच्या त्या बोलण्यातलं त्याला काही आठवत नाही. मी एकदा आडून विचारलं होतं, फोनवर बोलताना जवळ कोण होतं? म्हणाला, कुणीच नाही. मी पुढे बोललेच नाही. संसार सुखाचा चाललाय. सायकल त्याने सोडलीच, पडवीत भिंतीला लावलेली असते, कॅरियर तसंच आहे.

गेल्या सोमवारी मी माहेरी गेले होते. मागचा टायर बसलेला दिसला. सुयोग म्हणाला, "चालवत नाय ना ताई, हवा उतरणारच." मी स्वतः पंपाने भरली, दाबून बघितली, घट्ट होता.

मंगळवारी सकाळी पुन्हा बसलेला.

साडेअकराला पोरगी अंगणात खेळत होती. खेळ सोडून कुंपणाकडे बघत राहिली आणि हात हलवायला लागली. टाटा करतात तसा नाही. ये ये म्हणतात तसा.

मी तिला उचलून आत आणलं, दार लावलं.

सुयोगला सांगायला हवं, कळतंय मला. रोज फोन हातात घेते आणि ठेवते. परत त्या रस्त्याला त्याला कोणत्या तोंडाने पाठवू? मला सायकल चालवता येत असती तर मीच गेले असते.