रखमाजीची नाव आणि वऱ्हाडाचा फोटो

"हलू नका! श्वाससुद्धा घेऊ नका!" खुर्शिदा ओरडली आणि तिनं कॅमेऱ्याची कळ दाबली. खट्!

"आँऽऽछी!" नेमका तेव्हाच जलाल शिंकला.

"झालं! आता तुझ्या नाकाचाच फोटो येणार!"

भोरच्या शाळेला सुट्टी लागल्यापासून खुर्शिदा, तिचा धाकटा भाऊ जलाल आणि त्यांचा दोस्त गेनू धरणाच्या काठावरच असायचे. पोहायचं, करवंदं खायची आणि फोटो काढायचे! अमजदचाचांचं गावात फोटोचं दुकान होतं. त्यांनी आपला जुना डबा कॅमेरा सुट्टीपुरता पुतणीच्या हवाली केला होता. जलालच्या सकाळच्या त्या शिंकेमुळं त्याला आणि गेनूला रखमाजी नावाड्याच्या त्याच रिकाम्या नावेशेजारी संध्याकाळी पुन्हा उभं राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात चाचांनी रात्रीच धुऊन ठेवलेले दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा गेनू एकदम खाली वाकला.

"ह्ये बघा! सकाळच्या फोटूत नावंचा पांढरा पट्टा पान्याच्या वर हाय. सांजच्या फोटूत पट्टाच न्हाई!"

"पुसला असेल," जलाल म्हणाला.

"एका दिवसात? पाण्याखाली गेलाय तो!" खुर्शिदाचे डोळे मोठे झाले. "नाव तर दोन्ही वेळा रिकामी होती. म्हणजे आत पाणी शिरतंय!"

गेनूचा चेहरा उतरला. "आज माजी ठकुआत्या त्याच नावंतनं पल्याड जानार हाय. पोराचं लगीन हाय तिच्या. समदं वऱ्हाड हाय संगं!"

सांगावं तर अमजदचाचा नसरापूरला गेले होते. तिघं धापा टाकत काठावर पोचली, तर ट्रंका, भांडी, तांदळाची पोती नावेत चढलीसुद्धा होती!

"रखमाजीकाका, थांबा! नाव गळतीय!" खुर्शिदा ओरडली.

रखमाजी मिशीतल्या मिशीत हसला. "जुन्या नावंत थोडं पानी यायचंच, पोरी. सकाळी डब्यानं उपसलं की भागतं. चला मंडळी, बसा!"

"आत्या, बसू नगंस!" गेनूनं ठकुबाईंचा पदर धरला.

"सोड रे! मुहूर्त टळंल माज्या लेकाचा!"

कुणी ऐकेना. ठकुबाईंनी नावेत चढायला पाऊल उचललं. खुर्शिदाची नजर हातातल्या कॅमेऱ्यावर गेली. तेवढ्यात तिला सुचलं.

"ठकुआत्या, वऱ्हाडाचा फोटो नको का?"

"फोटू?" ठकुबाईंचं पाऊल तिथंच थांबलं. "काडतीस? आमचा समद्यांचा?"

मग काय! पागोटी सावरली गेली, पदर नीट झाले, एका बाळाचं नाक पुसलं गेलं. रखमाजी तर नवरदेवाला ढकलून मधोमध उभा राहिला!

खुर्शिदा पाण्याकडं पाठ करून उभी राहिली. "उंच माणसं मागं! काका, मिशा जरा वर! जलाल, त्या बाळाला हसव!"

जलालनं माकडाचं तोंड केलं. बाळानं भोकाड पसरलं. पुन्हा सगळी जुळवाजुळव!

"किती येळ गं?" एक म्हातारी कुरकुरली.

"आता हं! सगळे इकडं बघा..."

"आई गंऽऽ! नाव!" नवरदेवच किंचाळला.

सगळ्यांची तोंडं उघडीच राहिली. खुर्शिदाच्या पाठीमागं बुडबुड आवाज करत नाव एका अंगाला कलंडली आणि कमरेएवढ्या पाण्यात शांतपणे जाऊन बसली. तांब्याचे हंडे तरंगायला लागले!

"मधी पोचलो असतो अन् ह्ये झालं असतं तर!" ठकुबाई मटकन खाली बसल्या. मग त्यांनी तिघांना जवळ ओढलं. "कशी गुणाची गं माजी लेकरं!"

रखमाजीनं कान पकडले. "चुकलो, पोरांनो. फळ्या बदलून डांबर लावल्याबिगर ही नाव पान्यात घालनार न्हाई." आणि हंडे गोळा करायला स्वतःच पाण्यात उतरला.

धरणाला वळसा घालून जायला बैलगाड्या जुंपल्या. तेवढ्यात अमजदचाचा सायकलवरून आले. सारी हकीकत ऐकून त्यांनी पुतणीची पाठ थोपटली. "शाब्बास, बेटा! आणि वऱ्हाडाचा फोटो कसा आलाय?"

खुर्शिदानं जीभ चावली. "फिल्म कालच संपली होती, चाचा!"

 सगळ्यात आधी रखमाजीच खो खो हसत सुटला. चाचांनी पिशवीतून नवी फिल्म काढून तिच्या हातावर ठेवली.

"चल गं, बस माज्या गाडीत!" ठकुबाईंनी तिला हात दिला. "आता लग्नाचे समदे फोटू तूच काडायचे!"