लांब कशाला

नकला करण्यात पोपटकाकाचा हात धरणारा माणूस साऱ्या मुलखात नव्हता. असं तो स्वतःच सांगायचा, आणि कुणी मान डोलावायच्या आत पुढचं जोडायचा, "मुलूख म्हणजे आमची गल्ली. आणि गल्लीतले निम्मे बहिरे."

जन्मभर त्यानं लाउडस्पीकर भाड्यानं दिले. शाळेशी फारकत लवकरच झालेली, पण गळा असा, की मास्तरांच्या आवाजात "सुट्टी!" म्हणून ओरडायचा आणि पोरं दप्तरं उचलून खरंच घरी जायची. मोठा झाल्यावर सासूच्या आवाजात सुनेला हाक, सुनेच्या आवाजात सासूला जबाब. भांडण पेटलं की हा पायरीवर बसून पाय हलवत ऐकणार. केस पिकले, खोडी तेवढी कच्चीच राहिली.

तर असा हा प्राणी वहिनीला सोबत म्हणून एका बेटावर गेला होता. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. दादा घड्याळजी; त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. दुकानात त्यांच्या डोक्यावर एका जुन्या कॅलेंडरचं पान टांगलेलं असायचं. त्यावर वाळू, निळं पाणी, आणि पाण्यावर ओणवा झालेला एक माड. "हातातली घड्याळं संपली की तुला इथं नेईन," असं दादा वहिनीला म्हणायचे. घड्याळं कधी संपतात होय? आणि एरवी कुठंही जायचं म्हटलं, लग्न असो की दवाखाना, की दादांचं ठरलेलं उत्तर, "लांब कशाला?"

बेटावर किनारे दोन. एक जवळचा. लॉजच्या पायऱ्या उतरल्या की आलाच. तिथं छत्र्या, खुर्च्या, शहाळी, सगळी चैन. दुसरा मागचा, टेकाड ओलांडून झाडीतल्या पायवाटेनं गेलं की लागणारा. तो ओणवा माड तिथं होता. लॉजवालीनं बजावलं होतं, "जायचं तर सकाळीच जा, आजी. दुपारनंतर भरती चढते. तिथं पाणी बघता बघता अंगावर येतं."

दुसऱ्या दिवशी परतीची बोट. म्हणजे काय ते आजच. वहिनीनं आदल्या रात्रीच चपला पुसून दाराशी मांडून ठेवल्या होत्या.

इकडे पोपटकाकाच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. पण सांगणार कुठल्या तोंडानं? येताना बोटीवर त्यानं सगळ्यांना ऐकवलं होतं, की मी अजून टेकडी उड्या मारत चढतो. आता एवढंसं टेकाड बघून माघार घेतली असती, तर वहिनी गल्लीभर सांगून हसली असती. निदान त्याला तसं वाटलं.

सकाळी तो कॉटवर पडून होता. दोन खोल्यांमधली फळ्यांची भिंत छतापर्यंत पोचत नव्हती. पलीकडे वहिनी केस विंचरत होती, फणीचा सर्र सर्र आवाज येत होता. पोपटकाकानं गळा साफ केला, हनुवटी छातीला टेकवली, आणि वरच्या फटीतून आवाज सोडला. दादांचा आवाज. जाड, थोडा झोपाळलेला.

"अगं... जवळच्याच किनाऱ्यावर जा. लांब कशाला?"

फणी थांबली.

पोपटकाकानं हसू दाबायला उशी तोंडावर घेतली. आता ती धावत येईल, "भावजी, ऐकलंत का!" म्हणेल. पण कुणी आलं नाही. मग वहिनी अगदी हळू म्हणाली, "बरं."

त्या एका शब्दानं उशीखालचं हसू विझलं. अशी खोडी त्यानं याआधी कधी केली नव्हती. मेलेल्या माणसाच्या तोंडून, तेही त्याच्याच बायकोला. उठून सांगावं असं त्याला वाटलं. पण लाज अशी, की त्यानं उशी पुन्हा तोंडावर ओढली. आणि गुडघे म्हणाले, असू दे.

जवळच्या किनाऱ्यावर वहिनी छत्रीखाली बसली ती पिशवी मांडीवर घेऊन, एखाद्या दवाखान्यात नंबराची वाट बघत बसावं तशी. समुद्राकडे बघेना. पोपटकाकानं शहाळंवाल्याची नक्कल केली, एका जाड्या पाहुण्याची केली. ती हसली, पण पाहुण्यांसाठी हसतात तशी. हळूहळू दुपार झाली. लोक जेवायला गेले. छत्र्या फडफडायच्या थांबल्या. ऊन पांढरं होतं आणि त्यात कसलाच आवाज नव्हता. लाटसुद्धा जणू पाय न वाजवता येत होती.

आणि तेव्हा ते वाजलं. टक टक.

बारीक. काचेवर लोखंड वाजावं तसं. पोपटकाकाला वाटलं, कुणी पेल्यात चमचा हलवतंय. पण आजूबाजूला ना पेला, ना चमचा. वहिनीनं मात्र झटकन मान वर केली. तिच्या मागच्या रिकाम्या खोपटाच्या फळ्यांआडून दादांचा आवाज आला.

"इथं नव्हे... मागं चल."

शहाळ्याची नळी पोपटकाकाच्या तोंडात होती. गाल पाण्यानं फुगलेले. वहिनीनं त्याच्या गालांकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली, आणि ती चालू लागली.

"वहिनी... अहो वहिनी, भरती..."

खोपटामागे कुणी नव्हतं. वाळूवर पाऊल नव्हतं. पोपटकाका तिच्या मागे टेकाड चढू लागला, कण्हत, झाडांच्या बुंध्यांना धरत. पायवाटेवर झाडी इतकी दाट की भर दुपारी कातरवेळ वाटावी. कुजलेल्या पानांचा वास, ओलीचा वास. आणि मध्येच दुसराच एक वास, असा ओळखीचा की तो बुंधा धरून तिथंच थांबला. घड्याळाच्या तेलाचा. दादांच्या बोटांना यायचा तो.

पुढून, वळणापलीकडून, पुन्हा टक टक. मग वहिनीचं हलकं बोलणं. मग थोडी शांतता, कुणी उत्तर द्यावं तेवढी. मग वहिनीचं हसणं. असं हसताना त्यानं तिला आजवर ऐकलं नव्हतं.

झाडी संपली आणि समोर कॅलेंडरचं पान उघडलं. तोच ओणवा माड. फक्त वाळू नव्हती. ती भरतीनं गिळली होती. पाणी माडाच्या बुंध्याशी डचमळत होतं, आणि वहिनी कमरेपर्यंत त्या पाण्यात. चपला मात्र काठावरच्या दगडावर नीट जोडीनं काढलेल्या, देवळाबाहेर काढाव्यात तशा.

माडापलीकडच्या खडकाआडून आवाज आला, "ये... एवढी आलीस... आता लांब कशाला..."

पोपटकाकानं दादांचा आवाज काढायचा प्रयत्न केला. त्याच आवाजात "परत फिर" म्हटलं तर ऐकेल. सकाळी ऐकलंच होतं की! पण गळ्यातून निघाला तो एका घाबरलेल्या म्हाताऱ्याचा चिरका आवाज. त्याचा स्वतःचा.

"वहिनी, परत या! सकाळी भिंतीवरून बोललो तो मी होतो... गुडघे दुखत होते माझे. सांगायची लाज वाटली..."

"ठाऊक आहे," ती मागे न बघता म्हणाली. "ह्यांनी मला उभ्या जन्मात 'अगं' म्हटलं नाही. चिमट्यानं दुकानाच्या काचेवर टकटक करायचे. मी वर बघितलं की मगच बोलायचे."

"मग... मग ऐकलंत कशाला माझं?"

"रात्रभर गुडघे चोळत कण्हत होतात. ती भिंत काय फक्त तुमच्या बाजूनंच उघडी आहे?"

पोपटकाकाला वाटलं, आत्ताच्या आत्ता त्या पाण्यानं आपल्याला पोटात घ्यावं. ज्या बाईचा किनारा त्यानं चोरला, तिनं तो त्याच्या गुडघ्यांसाठी आपणहून सोडला होता. सकाळी ओहोटी होती. सकाळी आली असती तर पायाखाली वाळू असती.

पाणी तिच्या छातीला लागलं.

"तेही मीच होतो!" तो किंचाळला. "दुपारचा तो आवाज... वाटेतला... आत्ताचा... सगळा मीच! टकटकसुद्धा मीच केली! नक्कल हो, वहिनी, माझीच नक्कल...!"

सारा जन्म केलेल्या खोड्या नाकारण्यात गेला होता. न केलेली खोडी पदरात घ्यायला तो पहिल्यांदाच धावत होता.

वहिनी थांबली. वळली. तिच्या चेहऱ्यावर ना राग, ना भीती. लहान पोराची थाप ऐकून घ्यावी तसं काहीतरी. तिच्या मागे, खडकाआड, टक टक.

"असं?" ती म्हणाली. "मग आता तोंड मिटा, भावजी. चांगलं घट्ट मिटा. आणि मारा बघू मला हाक."