जंगलाला तीनच सांगितले होते

वीज गेली की तातांना, आमच्या आजोबांना, गोष्टी आठवतात. त्या रात्रीही तेच झालं. आम्ही नातवंडं अंगणातल्या झोळ्यांत आडवी झालो होतो. आत चीच, आमची आजी, मेणबत्तीच्या उजेडात काळा घेवडा निवडत होती.

"बुटकी भुतं येणार असतील तर मी आत्ताच झोपते," मी म्हटलं.

"मिर्ना, नर्सिंगच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हापासून तुला कुणाचंच काही पटत नाही," तात म्हणाले. "भुतं कुणी बघितली? मी दामासोची गोष्ट सांगतोय. माझा दोस्त. तो थापा मारायचा, पण फक्त शिकारीच्या. ही त्याने मला एकदाच सांगितली, आणि तीही दारू न पिता."

मग त्यांनी सुरुवात केली.

दामासो त्या सकाळी मका दळायला गिरणीवर गेला होता. गेल्या वर्षीची गोष्ट. तीन मे, सांता क्रूसचा सण. गिरणीवाली म्हणाली, "आज गाव क्रूसाला फुलं वाहतंय, आणि तू जंगलात कुठे निघालास?" दामासो म्हणाला, "नवरा-नवरी आहेत. थांबायला तयार नाहीत. तुझ्या लग्नात तू तरी थांबली होतीस का?" ती हसली, आणि त्याचा मका तिने आधी दळून दिला.

ते जोडपं म्हणजे रुसेल आणि लांदी. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. रुसेल किनाऱ्यावर पर्यटकांची व्हॅन चालवायचा, लांदी तिथल्याच एका हॉटेलात येणाऱ्यांचं स्वागत करायची. जंगल, माकडं, पिरॅमिड असा मधुचंद्र दोघं मिळून परदेशी जोडप्यांना विकायची. लांदी म्हणाली, "घरं आपल्या पणज्यांची, आणि बघणार सगळं जग. आता आपली पाळी." तिला जिथे तिकीट नाही, दोर लावलेले नाहीत, अशी जागा हवी होती. तशी जागा दामासोला ठाऊक होती. तरुणपणी तो झाडांचा डिंक काढायला महिनोन् महिने आत राहायचा.

जंगलाच्या तोंडाशी दामासोने पीठ पाण्यात कालवलं, मध घातला आणि भोपळ्याच्या वाट्या भरल्या. माणशी एक. तीन वाट्या झाडाखाली मांडल्या, टोपी काढली आणि मोठ्याने म्हणाला, "रानाच्या मालका, आम्ही तिघं येतोय. तिघंच परत जाऊ. आणलं त्याहून जास्त काही नेणार नाही."

"काका," लांदी मध्येच म्हणाली, "अजून एक वाटी ठेवली तर?"

"कुणासाठी?"

"असंच. उरलंय ना."

"हिला दोघांची भूक लागते," रुसेल म्हणाला. "लग्नातसुद्धा दोन ताटं संपवली हिने. आई बघतच राहिली."

"तुझी आई सगळंच बघत असते," लांदी म्हणाली.

दामासो म्हणाला, "पोरी, जितके सांगितले तितक्याच वाट्या. बोल, आहे का अजून कुणी?"

लांदीने रुसेलकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही."

"दिवस गेले होते तिला," मी झोळीतूनच म्हटलं.

"होते," तात म्हणाले. "आणि नवऱ्यालाही माहीत नव्हतं."

"का?"

"नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही म्हणून. आईने डोळे वटारले की हा पाठ केल्यासारखं सगळं सांगून मोकळा. आणि आई कोण? चर्चमधल्या बायकांची पुढारी. लग्न कधी, बाळ कधी, सगळं बोटांवर मोजणारी. लांदीने ठरवलं होतं, महिनाभर गप्प राहायचं."

"म्हणजे म्हाताऱ्या बायकांच्या भीतीने..."

"मिर्ना, बोलू दे मला."

दिवस छान गेला. जुनी घरं रानाने पोटात घेतलेली, भिंतींवर मुळं उतरलेली. लांदी चपला हातात घेऊन पायऱ्या चढली. वर उभी राहून ओरडली, "रुसेल, ये ना वर! की आईला फोन करून विचारायचंय?" रुसेल धापा टाकत चढला. खाली दामासो एकटाच हसत होता. असं जोडपं त्याने बऱ्याच दिवसांत आणलं नव्हतं.

रात्री एका पडक्या खोलीसमोर त्यांनी झोळ्या बांधल्या. तीनच झोळ्या. भाकरी खाल्ली, कॉफी घेतली, शेकोटी विझू दिली.

दामासोला जाग आली ती दोराच्या आवाजाने.

झोळीचा दोर झाडाला घासतो ना, तो आवाज. कर्र... कर्र. कुणीतरी झोका देत होतं. त्याला वाटलं, रुसेलला झोप येत नसेल. त्याने टॉर्च लावला. रुसेल घोरत होता. झोळी स्थिर. लांदीची झोळी स्थिर. त्याची स्वतःची स्थिर.

आवाज त्या पडक्या खोलीतून येत होता.

सावकाश. बाळाला निजवताना देतात तसा झोका. कर्र... कर्र...

"काका." लांदी जागी होती. "तुम्हालाही ऐकू येतंय?"

"येतंय."

"माझ्या पोटात दुखतंय. मघापासून. जेव्हा तो दोर वाजतो तेव्हा."

टॉर्चच्या उजेडात तिच्या पँटवर रक्त दिसलं. थोडंसंच. पण होतं.

दामासोने टॉर्च खाली केला. मग त्याने विचारलं, "पोरी, आपण किती जण आलो?"

ती रडायला लागली.

"किती?"

"चार."

रुसेल उठून बसला होता. "चार? चार कोण?" आणि मग त्याला कळलं. "कधीपासून? मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं की तुझ्या आईला सांगितल्यासारखंच! मला लग्नात कुमारिकेचे पांढरे कपडे घालायचे होते, रुसेल. मान वर करून."

रुसेल झोळीतून खाली उतरला.

"भांडण घरी," दामासो म्हणाला. "आत्ता ऐका. मी मालकाला तीन सांगितले. चौथं आपण आणलंच नाही, असं मीच माझ्या तोंडाने सांगितलं. म्हणजे ते त्याचं. आणि त्याचं काही नेणार नाही, हेही मीच बोललो."

आत झोका चालू होता.

"मग आता?" रुसेलने विचारलं.

"बोलावून न्यायचं. आपण निघताना बोलावतो तसं."

तुम्हाला ठाऊक आहे. रानातून निघताना फांदीने जमिनीवर मारायचं, ज्याचं त्याचं नाव घ्यायचं. नाहीतर माणूस घरी येतो आणि जीव तिथेच राहतो. दामासोने फांदी तोडली. जमिनीवर मारली. "रुसेल, चल. इथे राहू नकोस." मग, "लांदी, चल. इथे राहू नकोस." मग स्वतःचं नाव.

मग थांबला.

"त्याला नाव नाही," लांदी म्हणाली.

कर्र... कर्र...

"काका, त्याला नावच नाही. कशाने बोलावू?"

"दे मग."

"मुलगा की मुलगी तेही..."

"दे, पोरी. लवकर."

तिने फांदी हातात घेतली. म्हणाली, "आज सांता क्रूस. क्रूस. मुलगा असला तरी क्रूस, मुलगी असली तरी क्रूस." आणि जमिनीवर मारलं. "क्रूस, चल. मी तुझी आई. इथे राहू नकोस."

दोर थांबला.

असा थांबला, जसा कुणी हाताने धरावा.

"चला," दामासो म्हणाला. "मागे बघायचं नाही. बोलावत राहा."

ते निघाले. पुढे टॉर्च घेऊन दामासो, मध्ये लांदी, मागे रुसेल. काळोख. लांदी बोलावत होती. "क्रूस, चल." थोडं चालायचं. "क्रूस, चल."

आणि रुसेलच्या मागे...

सुक्या पानांवर पावलं. लहान. अनवाणी. एक... थांबलं. परत एक. चालता न येणाऱ्याने चालावं तशी.

रुसेलची मान वळायला लागली. लांदीने मागे न बघताच हात लांब केला, त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट की नखं रुतली. "माझ्याकडे बघ," ती म्हणाली. "फक्त माझ्याकडे. तूही बोलाव. बाप आहेस ना?"

मग तोही बोलावू लागला. रडत. "क्रूस, चल... क्रूस..."

पावलं येत होती. कधी मागे पडायची. मग लांदी थांबायची. पोटावर हात धरून उभी. परत पावलं यायची. मग निघायचं.

रात्रभर.

उजाडायच्या जरा आधी डांबरी रस्ता लागला. तिघं रस्त्यावर चढले.

डांबरावर पानं नाहीत.

आवाज... नाही.

आलं, की कडेलाच राहिलं? कसं कळणार? लांदी रस्त्याच्या मधोमध उभी राहून बोलावत होती. घसा बसला होता तिचा. रुसेलने तिला उचलून कडेला लावलेल्या आपल्या व्हॅनमध्ये बसवलं.

शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त थांबलंय, पण खात्री देत नाही. वाट बघा.

लांदीने वाट बघितली. सासूला त्याच दिवशी सांगितलं. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. सासू बोटांवर महिने मोजायला लागली तशी लांदी म्हणाली, "मोजू नका, मीच सांगते." आणि आकडा सांगितला.

"शाब्बास," मी म्हटलं.

तात हसले नाहीत. अंधारात त्यांची सिगारेट लाल झाली, विझली.

"मग? बाळ?" धाकट्याने विचारलं.

"नाताळाच्या थोडं आधी. मुलगी. जिवंत, धडधाकट, रडकी. लांदीला हॉस्पिटल नको होतं, ती इथेच आली. गावातली बाळंतपणं तुमची चीचच करते, हेही तिनेच केलं. आता पुढचं मी नाही सांगत. मी बाहेर होतो."

आम्ही सगळे आत बघायला लागलो. चीचचे हात घेवड्यात थांबले होते.

"चीच?" मी म्हटलं. "उगाच घाबरवतायत ना तात?"

तिने घेवडा बाजूला सारला.

"मी तिला पुसत होते," ती म्हणाली. "उजवा पाय धरला की ओरडायची. बघितलं तर टाच सुजलेली. मी दाबली, तर..." तिने बोटाचं पेर दाखवलं. "एवढा काटा निघाला. रानातला."

"जन्मल्यावर रुतला असेल. दुपट्यातून."

"नाळ अजून कापली नव्हती, मिर्ना." चीच म्हणाली. "आणि काट्यावर कातडी धरली होती. जुनी."